चांद्या-हरण्याचा पहिला पोळा

।। श्री ।।

पिंपळगाव राजा
दि. २९ जून २०२५

चि. इंद्रभान यास अक्काचे अनेक आशीर्वाद, आन सोबत एक टपली.

पत्र काऊन लिहून राह्यली ते तुले माहीतच आहे. फोनवर म्या चारदा ओरडून विचारलं की गुडघ्याचं तेल धाडलं होतं ते भेटलं का, आन तू चारही वेळा म्हणाला की हाव, पाऊस बरा आहे. मंग तुझ्या सुनेनं, पुष्पांजलीनं, फोन घेऊन सांगितलं की बाबाचं कानाचं यंत्र डबीतच पडलं आहे. डबीले काय ऐकू येते? तू जन्मभर पोस्टमन होता, तुले कागदच कळते. तवा कागदच घे. मी सातवी शिकलेली बाई, बोलते तशी लिहिते, शुद्ध-अशुद्ध काढत बसू नको.

बातमी अशी, की यंदा आमच्या घरचा पोळा होईन. बावीस ऑगस्टले, शुक्रवारी. चांद्या आन हरण्या तोरणाखाली उभे राहतीन. हे वाचून तू चष्मा काढून पुसशीन. पूस आन पुढं वाच.

अकरा वर्षांत ही गोष्ट आमच्या घरात कोणी सरळ तोंडानं बोललं नाही, म्हून मीच एकदाची लिहून काढते. त्या पोळ्याच्या सकाळी ह्याईनं, म्हणजे तुझ्या भाऊजीनं, आमच्या लेकाले, ज्ञानेश्वरले म्हटलं की बैलाईची जुनी झूल विटली, चारचौघात बरं दिसत नाही, खामगावहून नवी घेऊन ये. ज्ञानू गाडीवर गेला. झूल घेतली, आन येतानी वळणावर ट्रकनं उडवलं. संध्याकाळी दवाखान्यात जीव गेला. त्याची बायको सुचिता तवा सव्वीस वर्षांची होती आन पोरगी अपेक्षा दोन वर्षांची. झूल मात्र जशीच्या तशी, दुकानाच्या कागदात गुंडाळलेली, एक डाग नाही. ती पेटीत गेली आन पेटीले कुलूप लागलं.

आपल्याकडची रीत तुले ठाऊक आहे. ज्या सणाले घरातलं माणूस गेलं, तो सण त्या घराले चालत नाही. त्याच दिवशी घरात लेकरू झालं नाहीतर गाय व्याली, तरच सुटते. लेकरू आता कोणाले होणार? राह्यली गाय. ती एकदा चार दिवस आधी व्याली, एकदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी हे गोठ्यातच बसून रडले होते. मले तवाच राग आला होता, गायीचा नाही, आपला सगळ्याईचा. गायीच्या पोटाकडं पाहून किती वर्षं बसायचं?

पोळा आला की हे भिंतीकडं तोंड करून झोपतात. आम्ही तिघी दार लावून खिचडी खातो. गावातून घुंगराचा आवाज येते, आन आमचे बैल वावरातल्या गोठ्यात तसेच उभे. ज्ञानूनं आणले तवा दोघं दोन दाती गोऱ्हे होते. तवापासून वखर ओढला, डवरे ओढले, पण शिंगाले एकदा रंग लागला नाही. आता हरण्या बसला की उठाले वेळ लावते. जनावराचा डॉक्टर म्हणे, हिवाळा काढीन तर काढीन. ज्ञानू गेला यात त्या जनावराचा काय गुन्हा, ते मले कोणी समजावून सांगावं. हरण्या पोळा न पाहता मरणार नाही. म्या ठरवलं आहे.

ह्याईले अजून सांगितलं नाही. सांगीन.

तुझं काय? विमलचा मेथीचा वाफा अजून गवतातच आहे का? पुष्पांजली म्हणे की तू तिथं कोणाले खुरपं लावू देत नाही. दोन वर्षं झाली रे तिले जाऊन. माही भावजय असती तर तिनं त्याच खुरप्यानं तुले हाणलं असतं.

लोभ आहेच, तो असावा असं काऊन लिहू? उत्तर मात्र असावं.

तुझी,
मनकर्णाअक्का


हिवरा आश्रम
दि. ७ जुलै २०२५

ती. अक्काच्या चरणी इंद्रभानचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझे पत्र पाचव्या दिवशी पोचले. माझ्या नोकरीत तिसऱ्या दिवशी पोचले असते. टपलीही पोचली. गुडघ्याचे तेल लावतो आहे, त्याचा वास मात्र फार उग्र आहे. इकडे सोयाबीन बरे उगवले. आमच्या चि. अविनाशने यंदा दोन एकर तूर घेतली आहे, आणि पुष्पांजली मला बिनमिठाची भाजी खाऊ घालते आहे.

पोळ्याचे वाचून मी चष्मा खरंच पुसला. अक्का, रागावू नको, पण थोडा विचार कर. भाऊजींनी अकरा वर्षं ही गोष्ट छातीशी धरली आहे. झूल आण असं त्यांनीच म्हटलं होतं, हे ते एक दिवसही विसरलेले नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत बैल सजवशील तर त्यांचं काय होईल? शिवाय गाव. गं. भा. सुचितालाच लोक नावं ठेवतील, तुला कोणी काही म्हणणार नाही.

तरी तुझं मन मोडू नये म्हणून मी एक शोध लावला. त्या वर्षीचं जुनं पंचांग माझ्याजवळ आहे, मी पंचांगं टाकत नाही. त्यात पाहिलं तर त्या दिवशी अमावास्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास संपली होती. आपला ज्ञानेश्वर गेला सव्वाआठला. म्हणजे हिशेबाने पोळा संपलेला होता आणि प्रतिपदा लागलेली होती. तेव्हा तुमचा पोळा मुळात बंद पडलाच नाही. हे भाऊजींना नीट समजावून सांगितलं तर ते ऐकतील, गावही ऐकेल, कोणाचं मन दुखणार नाही. पंचांगाचं पान सोबत पाठवतो आहे. काम झाल्यावर परत पाठव.

वाफ्याचं तू काढू नको. तिने लावलेली शेवटची मेथी तिथे होती. आणि यंत्राचं म्हणशील तर त्यातून सगळेच आवाज येतात, भांड्यांचे, कुत्र्यांचे, समोरच्या गिरणीचे. जो ऐकावासा वाटतो तो तेवढा येत नाही. मग कशाला घालायचं?

चि. अपेक्षास आशीर्वाद. लहान भावावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
इंद्रभान


पिंपळगाव राजा
दि. १६ जुलै २०२५

चि. इंद्रभान यास आशीर्वाद. टपली या वेळी दोन.

पहिली टपली कशाची, ते ऐक. तुझी पत्रं सुचिता मोठ्यानं वाचते, माह्या डोळ्याले बारीक अक्षर दिसत नाही. वाचता वाचता तिच्याच नावापाशी ती थांबली, आन ते दोन अक्षरं गाळून पुढं गेली. म्या पत्र डोळ्याशी धरून पाह्यलं. गं. भा.! सदतीस वर्षांची पोरगी आहे ती. अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवते, पोरीले शिकवते, आम्हा दोघाले सांभाळते. तिच्या नावाआधी नवऱ्याचं मरण काऊन चिकटवलं? पुन्हा तसं लिहिलं तर पाकीट न फोडता वापस धाडीन. चि. लिही. तुह्या लेकीसारखी आहे.

दुसरी टपली पंचांगाची. वा रे पोस्टमन! अर्ध्या तासानं पोळा सुटला म्हणते. मले अशी सुटी नाही पाह्यजे. कागदावर तारीख सरकवली म्हणजे माह्या लेकरानं कमी सोसलं का? ज्ञानू पोळ्यालेच गेला. ते मी खोडणार नाही, कोणाले खोडू देणार नाही. तो पोळ्याले गेला, आन तरी पोळा होईन. तुझं पान वापस धाडलं आहे, सांभाळून ठेव.

आता घरचं सांगते. सोमवारी म्या पेटी उघडली. किल्ली ह्याईच्या जानव्याले असते हे तुले माहीत आहे, म्हून कुलूपवाल्याले बोलावलं आन कुलूपच कापलं. झूल काढली. रंग अजून असा पक्का आहे की डोळे दिपतात, लाल, त्यावर आरशाचे टिकले. उन्हात टाकली. सुचिता दारात उभी राहून पाहत होती. म्या तिले म्हटलं की रडायचं असन तर रड, पण टेप घेऊन ये. ती टेप घेऊन वावरात गेली, दोघाईच्या पाठीचं माप आणलं. झूल वीतभर आखूड पडली, इंद्रभान. ज्ञानूनं गोऱ्ह्याच्या मापाची घेतली होती. आता ते गोऱ्हे कुठी राह्यले? हे सुचितालेही तवाच कळलं. ती आत गेली आन लग्नातलं हिरवं पातळ घेऊन आली, काठ उसवाले बसली. मले तिनं विचारलंही नव्हतं.

हे बाजारातून घरी आले तवा झूल दोरीवर होती. पाह्यलं, आन जेवणाचं ताट सरकवलं. मंग एवढंच म्हणे, की बैल तोरणाखाली गेले तर त्या दिवशी मी या घरात नसन. म्या म्हटलं, मर्जी तुमची. अकरा वर्षं तुम्ही म्हणाल तसं झालं, आता एक दिवस मी म्हणीन तसं होईन. तवापासून बोलणं बंद आहे. अपेक्षा मधात उभी राहून निरोप पोचवते, आजीले सांग मीठ जास्त झालं, आजोबाले सांग स्वतः घ्या.

हिंमतराव पाटील येऊन गेले. तोरणाची व्यवस्था त्याईच्याच घराकडं आहे. म्हणे, वहिनी, रीत आहे, घरावर काही आलं तर? म्या विचारलं की अजून काय यायचं राह्यलं ते सांगा. त्याईनं चहा घेतला आन गेले.

आन तू. एक आवाज ऐकू येत नाही म्हून बाकीच्या साऱ्याईले मुकं करून टाकलं. आम्ही काय इतकं वाईट बोलतो का रे?

माया पातळ नाही, घट्टच आहे, म्हून तर टपल्या बसतात.

तुझी,
अक्का


हिवरा आश्रम
दि. ५ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास सा. नमस्कार.

चि. सुचितास माझा आशीर्वाद सांग, आणि म्हाताऱ्याची चूक पोटात घाल असंही सांग. सवयीने हात गेला. जन्मभर पाकिटांवर ती दोन अक्षरं वाचली, पण ज्या घरात ती पाकिटं टाकायचो तिथे पुढे काय व्हायचं, हे कधी मनात आलं नाही.

तुला आता खरं लिहितो. दहा दिवस मी उत्तराचे कागद फाडले. प्रत्येक कागदावर मी भाऊजींची काळजी लिहिली होती, आणि प्रत्येक वेळी ती खोटी वाटली. मला भाऊजींची काळजी नाही, अक्का, मला तुझ्या पोळ्याची भीती वाटते. तू आणि भाऊजी अकरा वर्षं थांबलेले होतात, म्हणून माझी दोन वर्षं थोडी वाटायची. तू पोळा केलास तर मला वाफा खुरपावा लागेल. मग विमलची शेवटची मेथी कुठे होती ते मलाही सांगता येणार नाही. एवढंच आहे. पुष्पांजलीला हे बोललो तर ती म्हणाली की आत्यांचंच बरोबर आहे, आणि भाजीत त्या दिवशी मीठ घातलं.

भाऊजींचं पोस्टकार्ड आलं आहे. तीन ओळी आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी येतो, दोन दिवस राहतो, कारण विचारू नये. तू त्यांना अडवणार असशील तर आत्ताच अडव.

चूक झाली तरी भावाला पदरात ठेवावं.

तुझा,
इंद्रभान


पिंपळगाव राजा
दि. १४ ऑगस्ट २०२५

चि. इंद्रभान यास आशीर्वाद, टपली माफ.

खरं लिहिलं ते चांगलं केलं. विमलची मेथी तू दोन वर्षांआधीच खाल्ली रे. तिथं आता गवत आहे. बस, जास्त बोलत नाही.

ह्याईले मी अडवणार नाही. येऊ दे. भाकरी पातळ लागते, तिखट चालत नाही, ताकात जिरं घालजो. पोळ्याचं काढू नको, माही बाजू घेऊ नको, त्याईचीही घेऊ नको. मी त्याईले दुखवाले हे करून राह्यली नाही. पण त्याईच्या दुखण्यापायी सारं घर आन दोन मुके जनावरं किती दिवस बांधून ठेवायचे? ते रडले तर रडू दे, पण तिथं. इथं मी घुंगरं बांधणार आहे.

रंग आणला आहे, शिंगाच्या टोकाले पितळी शेंब्या आणल्या आहेत. झुलीले हिरवा काठ असा बसला की दुकानात मिळणार नाही. बैल धरायले माणूस मिळाला नाही. ज्याले ज्याले विचारलं त्यानं त्यानं कारण सांगितलं, कोणाची कंबर, कोणाचा पाहुणा. काही नाही. चांद्याले सुचिता धरीन, हरण्याले मी. गुडघे दुखले तर दुखले. बाया तोरणाखाली बैल नेत नाहीत म्हणे. आता नेतीन.

बैल इतके वर्षं ह्याईच्याच हातात आहेत, हे दुसऱ्या कोणाले जवळ येऊ देत नाहीत. मी तर गुडघ्यापायी तीन वर्षांत वावरात गेली नाही. पण जोडी मले माहीत आहे, माह्या डोळ्यासमोर ज्ञानूनं शिकवली. हरण्या डाव्या हाताचा, चांद्या उजव्या हाताचा.

जीव लाव, तेवढं पुरे.

तुझी,
अक्का


हिवरा आश्रम
दि. २३ ऑगस्ट २०२५, शनिवार

ती. अक्कास सा. नमस्कार वि. वि.

भाऊजी आज सकाळी सहाच्या एसटीने निघाले, तेव्हा हे पत्र पोचायच्या आधी ते घरी आलेले असतील. मी स्टँडवरून आलो आणि लिहायला बसलो. तुझ्या पोळ्याचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. मला जे माहीत आहे ते सांगतो, पण तेही अर्धंच आहे, आणि त्याला मीच कारण आहे.

गुरुवारी दुपारी ते आले. पिशवीत एक धोतर आणि बैलाचं एक जुनं घुंगरू होतं. ते त्यांनी उशीखाली ठेवलं. मी तू सांगितल्याप्रमाणे काही विचारलं नाही. ताकात जिरं घातलं.

शुक्रवारी दुपारनंतर आमच्या गावचा पोळा निघाला. आमच्या ओट्यासमोरूनच बैल जातात. मी त्यांना म्हटलं आत बसू, तर त्यांनी मान हलवली आणि ओट्यावरच बसले, रस्त्याकडे पाठ करून. बऱ्याच जोड्या गेल्या. मग एक जोडी कोपऱ्यावर अडली. एक बैल काही केल्या पाऊल टाकेना, दोघं-तिघं मागून रेटत होते. गोंधळ वाढला असावा, कारण भाऊजी वळले. पाहत राहिले. मग एकदम उठले आणि माझ्याकडे हात केला, फोन दे.

मी सुचिताचा नंबर लावून दिला. पलीकडून कोणीतरी उचलला असेल. भाऊजी बोलले, फार नाही, चार-पाच वाक्यं असतील. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो, पण मिशांमुळे काही कळेना. पुष्पांजली मागच्या अंगणात होती. बोलताना त्यांनी डावा हात वर करून असा हवेत धरला होता, जणू कोणाच्या मानेवर ठेवला आहे. मग फोन माझ्या हातात दिला, तांब्याभर पाणी प्यायले, आणि हातानेच मला बस कधी आहे विचारलं. त्या वेळी मेहकरला जाऊन पुढची गाडी मिळणार नव्हती. मी कागदावर लिहून दाखवलं. ते पिशवी भरून बसले आणि सकाळपर्यंत ती पिशवी त्यांनी सोडली नाही. पण पुरणपोळी खाल्ली, अक्का. दोन खाल्ल्या.

ते काय बोलले ते मला सांग. यंत्र डबीत होतं. समोर बसलेला माणूस अकरा वर्षांनी काहीतरी बोलला आणि मी त्याच्या मिशा मोजत होतो. विमल गेल्यापासून पहिल्यांदा दुसऱ्या कोणाचा आवाज मला ऐकावासा वाटला, आणि मला तो ऐकू आला नाही. याचा मला इतका राग आला की स्टँडवरून आल्या आल्या मी डबी उघडली. आता यंत्र कानात आहे. समोरची गिरणी भयंकर वाजते आहे. पुष्पांजली हळू बोलते असं मला वाटायचं, ती चांगली मोठ्याने बोलते.

दुपारी खुरपं घेऊन वाफ्याकडे जाणार आहे. तू म्हणालीस म्हणून नाही, माझं मी.

उत्तर लवकर दे. वाट पाहणारा भाऊ आहे हे ध्यानात ठेवावं.

तुझा,
इंद्रभान


पिंपळगाव राजा
दि. ३० ऑगस्ट २०२५

चि. इंद्रभान यास अक्काचे आशीर्वाद, आन यंत्र घातलं म्हून पाठीवर एक थाप.

उद्या महालक्ष्म्या यायच्या आहेत, घरात हातभर काम पडलं आहे, पण सुचिता म्हणे की आधी मामाले लिहा, त्याईचा जीव टांगला असन. म्हून पीठ भिजवायचं टाकून बसली. ऐक.

गुरुवारी बैलाईचे खांदे तूप-हळदीनं शेकले आन त्याईले म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. अकरा वर्षांनी ते शब्द तोंडातून निघाले. शुक्रवारी शिंगं रंगवले, शेंब्या घातल्या, झूल चढवली. हिरवा काठ बरोबर पोटापर्यंत आला. ताट सुचिताच्या हातात होतं, तिनंच ओवाळलं. कोणी काही विचारलं नाही, आन विचारलं असतं तर मी होती.

आम्ही दोघी दोरं धरून निघालो. हरण्या डावीकडं, चांद्या उजवीकडं, ज्ञानूच्या वेळेसारखे. गल्लीतून जरा अडत-अडतच आले, पण आले. तोरणाजवळ मात्र हरण्या थांबला. एकदम थांबला. म्या दोर ओढला, पुचकारलं, म्या शिव्याही देल्या. तो डावीकडं मान टाकून भेदरून उभा, अंग थरथर कापत होतं. मागच्या जोड्या खोळंबल्या. कोणीतरी हसलं. हिंमतराव माईकवरून म्हणे की ज्याईच्या घराले सण चालत नाही त्याईचे बैल बाजूले घ्या, देवालेही मंजूर नाही. इंद्रभान, तुले खोटं सांगत नाही, त्या वक्ती मले वाटलं की खरंच मंजूर नसन. दोर हातातून सोडाले आली होती मी.

तितक्यात अपेक्षाजवळ देलेला सुचिताचा फोन वाजला. तिनं ऐकलं आन धावत आली, म्हणे, आजोबा म्हणतात हरण्याले उजवीकडं घ्या. मंग फोन तिनं मोठ्या आवाजावर लावला आन माह्या कानाशी धरला.

आता तुह्या मिशावाल्या भाऊजीचे शब्द जसेच्या तसे लिहिते. ते म्हणे, हरण्याचा डावा डोळा गेला आहे, तीन वर्षं झाले, म्या कोणाले सांगितलं नाही. तू त्याले डावीकडं उभं केलं असशीन. त्याले उजवीकडं घे. ज्या अंगानं दिसत नाही, त्या अंगाले सोबती पाह्यजे, म्हणजे तो चालते. एवढं बोलले आन बंद झाले.

आम्ही बैल फिरवले. हरण्यानं डाव्या अंगानं चांद्याले एकदा घासून पाह्यलं, आन असा चालाले लागला की मलेच ओढत नेलं. तोरणाखाली उभे राह्यले दोघं. तोरण तुटलं, पोळा फुटला तवा अपेक्षा नाचली. हिंमतरावानं माईकवरून आमच्या घराचं नाव घेतलं. घ्यावंच लागलं.

आता तुले जे सांगाचं ते हे. अकरा वर्षं मी म्हणत आली की हे मागंच पाहत बसले. तुले दोन महिने टपल्या मारल्या. आन बैल मागचं पाहून लावले कोणी? म्या. ज्ञानूनं शिकवले तसे. ज्यानं भिंतीकडं तोंड केलं होतं, त्याले बैलाचा आजचा डोळा ठाऊक होता, आन मी तोंडानं आजचं बोलत होती. मले लाज वाटली. पण बरं का, पोळा केला याची लाज नाही वाटली. पुढच्या वर्षीही करीन, हरण्या असला तरी आन नसला तरी. ह्याईले तसं सांगितलं आहे.

ते शनिवारी दुपारी आले. घरात न येता वावरात गेले, गोठ्यात. तासाभरानं आले ते रागावतच, की शिंगाच्या मुळाशी रंग जाड लावला, त्यानं खाजते, कोणी लावला. अपेक्षानं म्हटलं आजीनं. तर सरळ माह्याकडं पाहून म्हणे, तुले अक्कल नाही. दीड महिन्यानं माह्याशी तोंडासमोर बोलले, आन हे बोलले. मी इतकी हसली की मले बसावं लागलं. मंग आदल्या दिवशीची पोळी मागितली.

तुह्या वाफ्यात मेथी टाक आन उगवली की पहिली जुडी एसटीनं धाड. यंत्र कानातून काढशीन तर मले कळीन, पुष्पांजली आता माह्या बाजूनं आहे.

झूल म्या धुतली आन वाळवून पेटीत ठेवाले घेतली होती. त्याईनं हातातून घेतली. म्हणे, पेटीत नको, गोठ्यात खुंटीवर राहू दे, थंडी पडली की हरण्यावर टाकाले लागीन.

लोभ तर आहेच. तू ये एकदा.

तुझी,
मनकर्णाअक्का